गाडी चेपते, म्हणून माणूस वाचतो



आपल्याकडे चारचाकी गाडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "पूर्वीच्या गाड्या खऱ्या लोखंडाच्या होत्या. अँबेसिडर भिंतीला धडकली तर भिंत पडायची, गाडीला फार तर ओरखडा. आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा, अंगठा दाबला तरी चेपतात." हे वाक्य म्हणणारी माणसे वडीलधारी असतात, त्यांनी गाड्या वापरलेल्या असतात, म्हणून मुलांनाही ते खरे वाटते. या अंकात आम्ही याच वाक्याची तपासणी करण्याचे योजिले आहे. गाडी चेपणे हा तिचा दोष की गुण?

हा प्रश्न आपल्या भागात नुसता कुतूहलाचा नाही. पूर्वी ज्याला एनएच ४ म्हणत असत तो पुणे-बंगळूर रस्ता, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, आपल्या दारावरून जातो. निपाणी, संकेश्वर, बेळगाव ही सगळी गावे त्याच्या काठावरची. कोल्हापूरला दवाखान्याला, पुण्याला नोकरीला, गावाकडे जत्रेला, लग्नकार्याला, सगळीकडे जाण्याचा आपला मार्ग हाच. त्यात तवंदीचा घाट आणि वंटमुरीचा घाट. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गल्लीत एखादी मोटार असे, आज पुष्कळ घरांपुढे ती उभी दिसते. भारत सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. तेव्हा आपण ज्या यंत्रात मुलाबाळांना बसवतो ते यंत्र कसे विचार करून बनवले आहे, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

एका अपघातात तीन टकरा

प्रथम विज्ञान समजून घेऊ. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. हा काही फार वेग नव्हे, गावातल्या रिकाम्या रस्त्यावरही गाठला जातो. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साधारण साडेअकरा मीटर उंचीवरून खाली पडणे. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्यासारखे. वेग दुप्पट करून ताशी १०८ केला तर ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते, सुमारे ४६ मीटर. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विज्ञानाच्या पुस्तकातले हे सूत्र परीक्षेपुरते नाही, ते हायवेवर रोज लागू पडते.

आता टक्कर होते तेव्हा खरे तर एक नव्हे, तीन टकरा होतात. पहिली टक्कर गाडीची समोरच्या वस्तूशी. गाडी थांबते, पण आत बसलेला माणूस जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर आदळतो. ही दुसरी. शरीर थांबते, पण शरीरातला मेंदू, काळीज, यकृत हे अवयव पुढे जात राहतात आणि कवटीवर, बरगड्यांवर आपटतात. ही तिसरी. बाहेरून एकही जखम नसलेला माणूस तासाभराने दगावतो, त्यामागे पुष्कळदा ही तिसरी टक्कर असते.

सुरक्षिततेच्या अभियांत्रिकीचे सगळे शास्त्र या तीन टकरा सौम्य करण्याचे शास्त्र आहे. त्याचे मूळ तत्त्व क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. हात ताठ ठेवला तर बोटे दुखावतात. चेंडूचा वेग तोच, पण थांबायला जागा आणि वेळ जास्त मिळाला की हातावरचा मार कमी होतो. थांबण्याचे अंतर दहापट वाढले की बल दहापट कमी होते. मोटार बनवणाऱ्या अभियंत्याने नेमके हेच केले आहे. त्याने माणसाला थांबण्यासाठी जागा निर्माण केली.

पुढचा भाग मऊ, मधली खोली कठीण

ही जागा आणायची कुठून? गाडीच्या नाकातून. बेला बारेनी नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते मर्सिडीज-बेंझ कंपनीत होते. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की गाडी जितकी ताठ तितकी सुरक्षित. बारेनी यांनी उलटा विचार मांडला. गाडीचे तीन भाग करा. पुढचा आणि मागचा भाग ठरवून चेपणारा ठेवा आणि मधली माणसे बसण्याची खोली अजिबात न चेपणारी करा. १९५१ मध्ये त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये त्या तत्त्वावर बांधलेली मर्सिडीज गाडी बाजारात आली. आज जगात बनणारी प्रत्येक मोटार थोड्याफार फरकाने याच तत्त्वावर बनते.

आपल्या मुलांना हे समजणे अवघड नाही. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांचे वडील किंवा काका फौंड्रीत काम करतात त्यांना बीड आणि पत्रा यांतला फरक माहीत आहे. बिडाच्या तुकड्यावर घण घातला तर तो वाकत नाही, तडकतो. पोलादी पत्र्यावर घातला तर तो वाकतो, दुमडतो, आणि दुमडताना घणाची ताकद आपल्यात जिरवतो. गाडीच्या पुढच्या भागातील लांब पोकळ दांड्यांना अभियंते मुद्दाम खाचा आणि वळ्या देतात, म्हणजे टक्कर झाली की त्या हार्मोनियमच्या भात्यासारख्या घडी घडी करत मिटत जातात. प्रत्येक घडीत थोडी ऊर्जा संपते. त्याउलट दरवाजांमधले खांब आणि छताच्या कडा यांना तापवून दाबलेले अतिशय कठीण पोलाद वापरतात. ते साध्या पत्र्यापेक्षा कित्येक पटींनी मजबूत असते. इंजिनसुद्धा जोराच्या धडकेत मागे खोलीत न घुसता खाली सरकावे, अशी त्याची बैठक योजलेली असते.

आता जुन्या गाडीच्या दणकटपणाकडे वळू. २००९ मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षी एक प्रयोग केला. १९५९ सालची शेवरोले बेल एअर ही लांबलचक, जड, भरपूर लोखंडाची गाडी आणि २००९ सालची शेवरोले मालिबू यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवली. दोन्हींत माणसाऐवजी चाचणीचे पुतळे बसवले होते. नव्या गाडीचे नाक पार चेपले, पण आतली खोली शाबूत राहिली. त्यातल्या पुतळ्याला पायाची दुखापत नोंदली गेली. जुन्या गाडीची खोलीच कोसळली, स्टिअरिंग आणि दरवाजा आत घुसला. तिथे खरा माणूस असता तर जगला नसता.

म्हणजे वडीलधाऱ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. किरकोळ धक्क्यात जुन्या गाडीला खरेच काही होत नसे. पण मोठ्या धडकेत जी ऊर्जा गाडीने गिळायला हवी होती ती आतल्या माणसाच्या छातीवर जाई. गाडी वाचे, माणूस जाई. आता गाडी भंगारात जाते आणि माणूस घरी येतो. या सौद्यात नफा कोणाचा, हे सांगायला नको.

पट्टा: सर्वांत स्वस्त, सर्वांत उपयोगी

पण एक अट आहे. गाडीचे नाक चेपताना जी साठ-सत्तर सेंटिमीटर जागा मिळते, तिचा लाभ फक्त गाडीला बांधलेल्या माणसालाच मिळतो. सीटबेल्ट नेमके हेच काम करतो. तो माणसाला गाडीबरोबर थांबवतो.

हिशेब करून पाहू. ताशी ५४ च्या वेगावरून ६० सेंटिमीटरमध्ये थांबायचे तर शरीराला वजनाच्या सुमारे १९ पट बल सोसावे लागते. ६० किलोच्या माणसासाठी ते साडेअकरा क्विंटलच्या घरात जाते. ऐकायला भयंकर वाटते, पण पट्टा ते बल कंबरेच्या आणि छातीच्या हाडांवर वाटून देतो आणि निरोगी शरीर क्षणभर ते सोसू शकते. पट्टा नसेल तर हाच माणूस डॅशबोर्डवर पाच-सहा सेंटिमीटरमध्ये थांबतो. बल दहापट, आणि तेही एकट्या डोक्यावर.

तीन ठिकाणी बांधला जाणारा आजचा पट्टा नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीत तयार केला. त्याआधी ते लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने बनवण्याच्या कामावर होते. विशेष असे की व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांना मोकळे केले. मनात आणले असते तर त्यावर अमाप पैसा मिळवता आला असता. विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान मोठे कशाने होते याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पट्ट्याच्या आत एक गंमत असते. गाडी उभी असताना पट्टा हळूच ओढा, तो सरसर बाहेर येतो. हिसका देऊन ओढा, तो अडकतो. आतली गुंडाळी अचानक आलेला वेग ओळखून कुलूप लावते. नव्या गाड्यांत तर धडक जाणवताच पट्टा क्षणार्धात आवळला जातो आणि नंतर छातीवर फार ताण येऊ नये म्हणून किंचित सैलही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पट्टा बांधल्याने मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. तरीही २०२२ मध्ये आपल्या देशात पट्टा न बांधलेले १६ हजार ७१५ जण अपघातांत गेले. त्यांत ८ हजार ३८४ चालक होते आणि ८ हजार ३३१ प्रवासी.

प्रवाशांचा हा आकडा पुन्हा वाचा. आपल्याकडे पट्टा म्हणजे ड्रायव्हरने पोलिसांसाठी बांधायची वस्तू, असा समज आहे. मागे बसणारा तर बांधतच नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अहमदाबादहून मुंबईकडे येत असताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्याला धडकली. गाडी उंची होती, जगात नावाजलेल्या कंपनीची होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले श्री. मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जागीच गेले. मागच्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या दिवशी सगळ्या देशाला कळले की कोट्यवधींची अभियांत्रिकी एका न लावलेल्या कडीपुढे हतबल होते. शिवाय मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळतो तेव्हा पुढे पट्टा बांधून बसलेल्याचाही जीव धोक्यात येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधणे बंधनकारक आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या आया, आज्या, मावश्या मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसतात. "मी घट्ट धरते," म्हणतात. वरच्याच हिशेबाने चार वर्षांचे, १५ किलोचे मूल धडकेच्या क्षणी पावणेतीन क्विंटलहून अधिक ताकदीने पुढे खेचले जाते. तीस किलोचे नऊ गुळाचे रवे एकदम हातात झेलण्याची ताकद कोणत्या आईत आहे? इथे माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. उलट मोठ्या माणसाचे वजन मागून त्या मुलावरच येते. म्हणून मुलाची जागा मागच्या सीटवर, आणि लहान असेल तर त्याच्या वजन-उंचीला योग्य अशा बालआसनात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर त्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे.

हवेची पिशवी आणि तिचे शत्रू

एअरबॅगचे नाव सगळ्यांना माहीत आहे, काम थोड्यांना. धडक झाली की गाडीतील संवेदक एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास निर्णय घेतात आणि साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या भागात पिशवी वायूने भरून तयार होते. डोळ्याची पापणी मिटायला याहून अधिक वेळ लागतो. इतक्या वेगाने फुगणारी वस्तू ही उशी नव्हे, तो एक आवरलेला स्फोट असतो. म्हणून ती पट्ट्याची जोडीदार आहे, बदली खेळाडू नाही. पट्टा नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जाऊन फुगत्या पिशवीच्या तोंडी सापडतो. डॅशबोर्डवर पाय ठेवून बसणे, तिथे जड मूर्ती किंवा शोभेची वस्तू चिकटवणे, पुढच्या सीटवर लहान मूल बसवणे, हे सारे त्याच कारणाने घातक.

दुसरा शत्रू म्हणजे बंपरपुढे हौसेने बसवलेला लोखंडी गार्ड. आपल्या भागात तो जणू इभ्रतीचा भाग झाला होता. पण तो थेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडतात. चेपण्यासाठी योजलेला भाग त्यामुळे ठरल्याप्रमाणे चेपत नाही, धक्का सरळ आत जातो आणि संवेदकांचा अंदाज चुकू शकतो. गार्डची धडक बसलेल्या पादचाऱ्याचे काय होते ते वेगळेच. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले. बाजूची एअरबॅग सीटमध्येच असलेल्या गाडीत भलतेच सीटकव्हर शिवून घेतले तर ती पिशवीही अडते.

टक्कर होऊच नये म्हणून

आतापर्यंत सांगितले ते टक्कर झाल्यावरचे उपाय. काही रचना टक्कर टाळण्यासाठी असतात. पावसात घाट उतरताना जोरात ब्रेक मारला की चाके जागीच अडकतात, गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवले तरी वळत नाही. एबीएस ही यंत्रणा चाक अडकते आहे हे ओळखून सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते आणि धरते, म्हणजे चाक फिरत राहते आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. १९७८ मध्ये बॉश कंपनीची ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीज गाडीत प्रथम आली. अशा गाडीत ब्रेक पंप करायचा नसतो, पूर्ण दाबून धरायचा असतो. पायाखाली थरथर जाणवली तर घाबरू नये, ती यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. ईएससी ही तिची पुढची पायरी. गाडी वळणावर फेकली जाऊ लागली की ती नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून गाडीला सरळ करते.

शून्यापासून पाचपर्यंत: आपल्या देशाची गोष्ट

युरोपात १९९७ पासून गाड्या धडकवून त्यांना तारे देण्याची पद्धत आहे. आपल्याकडील गाड्यांची अशी पहिली जाहीर तपासणी २०१४ च्या जानेवारीत पुढे आली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय १० आणि फोक्सवॅगन पोलो या पाच गाड्यांचे एअरबॅग नसलेले साधे नमुने ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवले. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. पण शून्याशून्यांत फरक होता. फिगो आणि पोलो यांच्या खोल्या टिकल्या होत्या, उरलेल्या तिघींच्या टिकल्या नव्हत्या. चाकणला बनणाऱ्या त्याच पोलोत दोन एअरबॅग घालून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा तिला ४ तारे मिळाले. ज्या गाडीची खोलीच कोसळते तिथे एअरबॅग फारसे काही करू शकत नाही, हा त्यातला धडा.

पुढची पावले वेगाने पडली. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना समोरची व बाजूची धडक-चाचणी सक्तीची झाली. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पट्ट्याची आठवण देणारी घंटी, वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचे सेन्सर आवश्यक झाले. चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग २०२१ मध्ये नव्या मॉडेलपासून सक्तीची झाली. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ५ तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. जानेवारी २०२० मध्ये नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ला ५ तारे मिळाले. पाच वर्षांत शून्यापासून पाचपर्यंत! आपल्याच लोकांनी, आपल्याच मुलखातल्या कारखान्यांत हे करून दाखवले. त्यांतले किती तरी कामगार आणि अभियंते आपल्यासारख्याच गावांतल्या शाळांतून गेलेले असतील.

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तिच्यात समोरची धडक ताशी ६४ ला, बाजूची ५० ला आणि खांबावरची २९ ला घेतात. प्रौढांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुणांची ती परीक्षा आहे. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे, म्हणून गाडी घेताना "हिची चाचणी झाली आहे का?" हे विचारणे आपल्या हाती आहे. रंग, संगीत आणि सनरूफ विचारण्याआधी मोठ्यांचे तारे किती आणि मुलांचे किती, हे दोन्ही विचारावे.

मात्र गुणपत्रिका वाचायची कशी हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक असते. पाच तारे म्हणजे ठरलेल्या प्रश्नपत्रिकेत उत्तम गुण. ती प्रश्नपत्रिका ताशी ६४ ची आहे. हायवेवर ताशी १२० ला ऊर्जा साडेतीन पट होते, तिथे ते तारे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. शिवाय चाचणीतला पुतळा नेहमी पट्टा बांधून बसलेला असतो.

अभियंत्याचे हात जिथे पोहोचत नाहीत

ऊस गळिताचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर, निपाणी, चिकोडी परिसरातील कारखान्यांकडे रात्रंदिवस ट्रॅक्टर जातात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस, पुष्कळदा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रात्री अशा ट्रॉलीवर मोटार मागून आदळली तर काय होते? मोटारीचे नाक ट्रॉलीच्या खालून निघून जाते. जो भाग चेपायचा त्याला काही लागतच नाही आणि ट्रॉलीची कड सरळ काचेवर, माणसाच्या डोक्याच्या पातळीवर येते. तिथे पाच तारे, सहा एअरबॅग यांचा फारसा उपयोग उरत नाही. थोड्या रुपयांची लाल चमकणारी पट्टी मात्र तो अपघातच टाळू शकते. आपल्या पालकांत ऊस उत्पादक आहेत, ट्रॅक्टरमालक आहेत. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की हंगामाआधी ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ही पट्टी लावावी. विद्यार्थ्यांनी ती स्वतः लावून दिली तर त्याहून चांगले कार्यानुभवाचे तास कोणते?

गाडीबाहेरच्या माणसाचा विचारही आता रचनेत होतो. बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतात, कडा गोल करतात, म्हणजे पादचाऱ्याचे डोके आदळले तरी पत्रा दबावा. पण रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला आणि हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वाराला स्वतःचे चेपणारे नाक नसते. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५० हजार २९ जण गेले. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर हाच डोक्याचा चेपणारा भाग. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे लागते.

आपण काय करावे

विद्यार्थ्यांनी गाडीत बसताच आधी स्वतःचा पट्टा बांधावा आणि मग घरच्यांना आठवण करावी. इथे मुलांनी मोठ्यांना सांगितले तर तो उद्धटपणा नव्हे. पालकांनी मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. सीटचा डोके टेकण्याचा भाग डोक्याच्या उंचीला आणावा, मागून धडक बसल्यास मान वाचते. गरोदर भगिनींनी पट्ट्याची खालची बाजू पोटाखालून, कंबरेच्या हाडावरून घ्यावी. ट्रॅक्समध्ये, वडापच्या जीपमध्ये आठ-नऊ जणांच्या जागी पंधरा मुले कोंबून शाळेला पाठवणे थांबवावे. जितकी माणसे तितके पट्टे, हा साधा हिशेब आहे.

विश्वस्त मंडळींकडे आमचे मागणे असे. सहलीसाठी आणि स्पर्धांसाठी वाहन ठरवताना भाड्याबरोबर तीन गोष्टी लेखी पाहाव्यात: प्रत्येक आसनाला चालू स्थितीतला पट्टा आहे का, क्षमतेपेक्षा एकही मूल जास्त नाही ना, आणि रात्रीचा प्रवास टाळला आहे ना. यात खर्च थोडा वाढेल. तो वाढू द्यावा.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या दिवसांत रस्त्यावरच्या फलकांवर "दुर्घटना से देर भली" हे वाक्य जागोजागी वाचायला मिळे. अपघात होण्यापेक्षा उशीर झालेला बरा, हा त्याचा अर्थ. अभियंत्यांनी गेली सत्तर वर्षे खपून त्या अपघातातही माणसाला थांबायला साठ-सत्तर सेंटिमीटर जागा मिळवून दिली आहे. तिच्यात स्वतःला आणि आपल्या मुलांना बांधून घेण्याचे काम मात्र त्यांना आपल्यासाठी करता येत नाही. ते घरातून निघताना, गाडी सुरू होण्याआधी, आपल्यालाच करायचे आहे.